पार्ट अजून आलेला नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका बाई, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे तळमजल्यावरचे आपले दुरुस्तीवाले काका, त्यांना चाळीस वर्षं सांभाळून घेणाऱ्या काकू, जमलेले सारे शेजारी, आणि पहिल्या तीन रांगांत बसवलेली, पण अजून बसलेली नसलेली आमची मुलं, सर्वांना नमस्कार.

अध्यक्ष महोदयांनी मला सात मिनिटं दिली आहेत. मी दातांची डॉक्टर. सात मिनिटांत माझ्या इंजेक्शनची भूलसुद्धा धड चढत नाही. तेव्हा मिनिटभर इकडेतिकडे झालं तर गोड मानून घ्यावं.

काका दुकान बंद करताहेत. निरोपाला काय देऊ, म्हणून मंडळाने विचारलं, तर हा माणूस म्हणाला, "काही नको. फक्त मुलांना एकदा खरं सांगा." समितीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का, ते सांगायलाच मी इथे उभी आहे. रोज लोकांना "आ करा" म्हणून सांगणाऱ्या बाईवर आज स्वतःचं तोंड उघडायची पाळी आली आहे.

मुलांनो, तुम्ही काकांना काय म्हणता, ते आम्हाला ठाऊक आहे. उद्याकाका. टॅब कधी मिळेल म्हणून विचारायला गेलं की ते म्हणतात, "पार्ट अजून आलेला नाही, उद्या बघू." खेळताना ज्याचा नेम चुकतो त्यालाही तुम्ही उद्याकाका म्हणता. जिन्यातून सगळं ऐकू येतं बरं का.

तर झालं असं. चार वर्षांपूर्वी माझी लेक सात वर्षांची होती आणि टॅब समोर असल्याशिवाय घास गिळत नव्हती. तोंडात घास, डोळे पडद्यावर, आणि गालात तो घास अर्धा अर्धा तास तसाच. दातांच्या डॉक्टरची मुलगी, आणि तिच्या दाढा किडायला लागलेल्या. आता बोला. शेजारणींना मी मुलांना काय खायला द्यावं यावर व्याख्यानं द्यायची, म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एक दिवस टॅब पडला, काच तडकली. मी तो खाली काकांकडे दिला. तीन दिवस घरात रडारड झाली. चौथ्या दिवशी मुलगी जेवताना मला शाळेतली गंमत सांगायला लागली. मी घाईघाईने खाली गेले. काकांनी काच केव्हाच बसवली होती. म्हणाले, "ताई, तयार आहे. न्या."

मी म्हटलं, "काका, पार्ट आला नाही म्हणून सांगा ना."

त्यांनी चष्मा काढला. "ताई, इतकी वर्षं दुकान चालवतोय. काम झालेलं असताना झालं नाही असं कधी कुणाला सांगितलं नाही."

"आठवडाभर सांगा."

"आणि मुलीला नाही म्हणायला तुम्हाला काय होतंय?"

खरं म्हणजे मला काहीच होत नव्हतं. मला भीती वाटत होती, दुसरं काय. दवाखान्यात मी चांगल्या धिप्पाड माणसांना खुर्चीत गप्प बसवते, पण सात वर्षांच्या पोरीला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मी वाईटपणा काकांच्या गळ्यात घातला आणि त्यांनी तो घालून घेतला. आठवडा संपला, पण टॅब खालीच राहिला, तो आजतागायत.

ही गोष्ट माझ्यापुरती राहिली असती तर ठीक. पण आपल्या इमारतीत गुपित म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. पंधरा दिवसांत आयाबाप एकेक करून दुकानात येऊन खोकायला लागले. "काका, याला जरा आराम हवाय." काकांनी मागचं कपाट रिकामं केलं. एकाने मुलाचा टॅब दिला, एकीने जुळ्यांचे दोन दिले. एका आजोबांनी तर स्वतःचाच आणून दिला, सून ओरडते म्हणून. अध्यक्ष महोदय, घाबरू नका, मी कुणाची ओळख सांगणार नाही.

आज त्या कपाटात सतरा टॅब आहेत. सतराच्या सतरा ठणठणीत. मुलांनो, नीट ऐका. सतरापैकी एकही बिघडलेला नाही.

बसा, बसा. पुढे आणखी आहे.

एका संध्याकाळी दवाखाना बंद करून मी घरी आले, तर फोन सापडेना. शोधून शोधून थकले. शेवटी मुलगी शांतपणे म्हणाली, "मी खाली दुरुस्तीला दिला." मी धावत खाली. काका स्क्रू घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले, "पार्ट अजून आलेला नाही."

ते वाक्य माझंच होतं.

मग त्यांनी सांगितलं. ही बया फोन घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आईचा फोन बिघडलाय. त्यात बघायला लागली की तिला ऐकू येत नाही." काकांनी मला विचारलं, "ताई, तक्रार खोटी आहे का?" खोटी नव्हती. मुलगी टॅब बघत जेवायची तेव्हा समोर बसून मी काय करायचे, हे मघाशी मी सोयीस्करपणे गाळलं. मी फोन बघायचे.

काका म्हणाले, "तुमच्या फोनचा पार्ट रोज सातला जाईल आणि आठला येईल." तेव्हापासून रोज सातला माझा फोन त्यांच्या खणात. पहिला आठवडा माझा हात आपोआप खिशाकडे जायचा. मुलगी हसायची. हळूहळू त्या खणात बाकीच्यांचेही फोन यायला लागले.

इतकं सगळं चांगलं झालं, मग काकांनी खरं सांगायचा हट्ट का धरावा? सुट्टीत त्यांची नात आली होती. ती बघा, काकूंच्या शेजारी बसली आहे. तुमच्यात खेळून ती घरी गेली आणि तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काहीच दुरुस्त करता येत नाही का?" काकांनी हे मला सांगितलं तेव्हा ते हसत होते, पण हातातला स्क्रू खाली पडला होता आणि तो त्यांनी उचलला नाही. मला फार लाज वाटली. माझ्या दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र कंपनीच्या माणसाने भंगारात काढा म्हणून सांगितलं होतं. ते याच माणसाने तीन संध्याकाळी बसून चालू केलं आणि ते आजही चालतंय. अशा कारागिराला आम्ही आमच्या भित्रेपणापायी मुलांच्या नजरेत अडाणी ठरवलं.

काल रंगीत तालीम म्हणून मी हे सगळं आधी माझ्या लेकीला सांगितलं. आता अकरा वर्षांची आहे. मला वाटलं, घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, "मला माहीत आहे. दोन वर्षांपासून."

काका म्हणे अधूनमधून सगळे टॅब ओळीने चार्जिंगला लावतात, बॅटऱ्या मरू नयेत म्हणून. तिने काचेतून स्वतःचा टॅब ओळखला होता, चांगला चालू असलेला.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? तेव्हाच मिळाला असता."

ती म्हणाली, "मिळाला असता. पण मग तू सात वाजता फोन खाली ठेवला असतास का?"

मी घड्याळ पाहिलं, सात वाजत आले होते; फोन घेऊन मी खाली गेले.

मंडळी, उद्या कपाट रिकामं होईल. आपापला टॅब घरी न्या. आता आपल्या वतीने खोटं बोलायला खाली कुणी नाही. किती वेळ बघायचं, जेवताना का नाही, हे मुलांशी आपल्यालाच बोलावं लागेल, आणि तेही स्वतःचा फोन बाजूला ठेवून.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, मुलांनी चक्क ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्यांनी पोटात घालावं. मुलांनी घालू नये, घरी जाऊन आईबापांना जाब विचारावा. आणि बाळ, तुझ्या आजोबांना सगळं दुरुस्त करता येतं. त्यांना चार वर्षं खोटं बोलायला लावलं ते मी. काका, तुमच्या नातीसमोर मी तुमची माफी मागते.