नियम अकराला दुरुस्ती

धाकटी : "सदस्याने दुसऱ्या सदस्याच्या मांजराविषयी सभागृहात शेरेबाजी करू नये."

थोरली : डावा उणे अडीच, उजवा उणे पावणेतीन.

धाकटी : "अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्प मांडताना जेवू नये."

थोरली : ही फ्रेम कोणी वाकवली?

धाकटी : "मला फक्त खरं काय ते ऐकायचंय."

थोरली : हा कुठला नियम?

धाकटी : नियम नाही. दुरुस्तीखाली लिहिलेलं कारण आहे. ताई, शटर खाली ओढ ना.

थोरली : भर दुपारी चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढलं तर मालक मला कायमची घरी बसवतील. तू आलीस म्हणून काचा घासायचं मशीन बंद केलंय, तेवढं पुरे. आता नीट सांग. कोणाला काय ऐकायचंय?

धाकटी : दीपगृहाच्या सदस्यांना.

थोरली : दीपगृह म्हणजे?

धाकटी : मतदारसंघ. खोटा. सगळंच खोटं ना आमच्याकडे, मतदारसंघ, मंत्री, अर्थसंकल्प. फोनवर लिहून भांडायचं. मी सभापती.

थोरली : ते ठाऊक आहे गं. मी भाजी निवडत असते आणि तू फोनला "शांतता राखा" म्हणतेस.

धाकटी : नियम अकरा म्हणतो, सभागृहातलं बोलणं लिहून होईल. त्याला दुरुस्ती आलीय. "लिहून" काढा आणि "स्वतःच्या आवाजात" घाला. सभापतींसकट सगळ्यांना.

थोरली : मग बोल की. तोंड काय कमी चालतं तुझं?

धाकटी : "मला फक्त खरं काय ते ऐकायचंय." हे वाक्य कोणाचं, ताई?

थोरली : बस आधी. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते. इकडे बस.

धाकटी : दार लावायचा, मनगट धरायचा आणि अगदी हळू म्हणायचा. हेच.

थोरली : अगं, तुझा नवराच कशाला, कोणीही म्हणतं असं. काच तडकली की आमचे मालकसुद्धा म्हणतात.

धाकटी : माझा फोन त्याने भिंतीवर आपटला तेव्हा पडद्यावर हीच सभा उघडी होती. सभेचं नाव वाचलंय त्याने. मी तुझ्याकडे निघून आले आणि पुढच्याच महिन्यात दीपगृहाला नवे सदस्य.

थोरली : म्हणजे तू कोण ते त्याला...

धाकटी : अजून नाही. तिथे खरं नाव कोणीच लावत नाही. म्हणून तर त्याला आवाज हवाय. एकेकाला बोलायला लावायचं आणि ऐकत बसायचं.

थोरली : मग नीघ ना तिथून! पुसून टाक सगळं. गेली ती सभा खड्ड्यात.

धाकटी : तिथे मला लोक "महोदया" म्हणतात.

थोरली : मी म्हणते की. रोज जेवायला वाढताना म्हणते.

धाकटी : तू टोमणा म्हणून म्हणतेस.

थोरली : बरं. मग?

धाकटी : मतं समसमान पडलीत. निर्णायक मत माझं. सगळे थांबलेत.

थोरली : विरोधात टाक आणि मोकळी हो.

धाकटी : कारण द्यावं लागतं. बाकी सभापतीची वाक्यं ठरलेली असतात, त्यात मी दिसत नाही. कारण मात्र स्वतःच्या शब्दांत. माझे शब्द तो ओळखेल.

थोरली : इकडे आड, तिकडे विहीर. काय करणार आहेस?

धाकटी : आमचा एक रिवाज आहे. नियम बदलायला निघालेल्याने नवा नियम आधी स्वतः पाळून दाखवायचा. मिठागराच्या सदस्यांनी सगळी चर्चा कवितेत व्हावी म्हणून दुरुस्ती आणली होती. दुसऱ्या कडव्यालाच घाम फुटला त्यांना, मागे घेतली.

थोरली : म्हणजे तू त्याला...

धाकटी : आधी त्याने बोलायचं. तसा आदेश पाठवलाय मी.

थोरली : पाठवलास? मला न विचारता?

धाकटी : तो आवाज मी झोपेतही ओळखीन. असेल तर निदान कळेल तरी.

थोरली : थांब. बाहेर कोणीतरी आलंय.

धाकटी : कोण? पुरुष आहे?

थोरली : हळू बोल. आजोबा आहेत, चष्म्याची दांडी हातात घेऊन उभे. आलेच मी.

(ती परत येते तेव्हा फोनमधून खरखर ऐकू येत असते.)

थोरली : बोलायला लागलं का कोणी?

आवाज : नमस्कार. मी... दीपगृहाची सदस्य.

थोरली : बाई आहे! अगं, बाई आहे ही. पोरगीच वाटते. उगाच जीव टांगणीला लावलास माझा.

आवाज : नियम अकरामध्ये... लिहून या शब्दाऐवजी... स्वतःच्या आवाजात... असा, असा बदल करावा.

थोरली : वाचून दाखवतेय बिचारी. लाजतेय.

धाकटी : गप्प. मागचं ऐक.

थोरली : घड्याळ वाजतंय. एक वाजला. त्यात काय?

धाकटी : धून पुरी झाली नाही. चार सूर, मग खर्र, आणि बंद.

थोरली : अशी घड्याळं घरोघरी असतात.

धाकटी : अशी मोडलेली नसतात.

थोरली : तुमच्या बाहेरच्या खोलीतलं? ते पडलं होतं ना, ते?

धाकटी : पडलं नव्हतं.

थोरली : अगं बाई. मग ही कोण?

धाकटी : माहीत नाही. स्वतःचा आवाज लपवायला त्याने हिला बसवलंय. माझ्याच खुर्चीत बसली असेल.

आवाज : माझं बोलून झालं. झालं ना?

थोरली : कोणाला विचारतेय ती?

धाकटी : आपल्याला नाही.

थोरली : बंद कर तो फोन. चिमे, बंद कर म्हणते ना!

धाकटी : दुरुस्ती मांडणाऱ्याला सभापती एक प्रश्न विचारतात. दर वेळी तोच, त्याला संशय येणार नाही. लिहिते. "माननीय सदस्य ही दुरुस्ती स्वतःच्या मर्जीने मांडत आहेत का?"

आवाज : माननीय सदस्य ही... हो.

थोरली : झालं. म्हणाली हो.

आवाज : हो. हो म्हणाले मी. मर्जीनेच.

धाकटी : एकदा पुरलं असतं.

थोरली : तुझं काय जातंय? विरोधात टाक. कारण मी सांगते, माझ्या शब्दांत लिही. म्हणावं, सगळ्यांचे घसे बसलेत.

धाकटी : दुरुस्ती पडली की ती पुन्हा बोलणार नाही. कुठेच बोलणार नाही.

थोरली : मग काय बाजूने टाकणार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

धाकटी : तहकूब करतेय. "मत राखून ठेवले आहे. पुढच्या बैठकीत दीपगृहाच्या सदस्यांचा बोलण्याचा हक्क कायम राहील."

थोरली : म्हणजे तो परत येणार.

धाकटी : ती परत येईल.

थोरली : आणि तुला बोलायला लावलं तर?

धाकटी : नियम अजून बदललेला नाही. मी लिहीन.

थोरली : समोरून चहा मागवते.

धाकटी : घड्याळ त्याने फेकलं त्या दिवशी मी चहात साखर घालायला विसरले होते.