आईची खात्री

रहाटणीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"सोजरबाई, मुलाचा फोन येतो का?"

"मीच लावते. पर आधी मला सवाल इचारतो."

"कसला सवाल?"

"त्याच्या चाकणच्या कंपनीत चोरांनी सायबाच्या आवाजात फोन केला, पासवर्ड काढून घेतला आन् सगळे कंप्युटर बंद पाडले. तवापासून त्याला कुनाच्याच आवाजाचा भरवसा न्हाई."

"अहो, आईच्या पण नाही?"

"न्हाई ना. 'आज्जीचं नाव सांग' म्हनतो. बरोबर सांगितलं, की 'बरी हायेस ना' इचारून लगेच ठिवतो."

"मग हो?"

"मग मी चुकीचं सांगते. चुकलं की आनखी सवाल इचारतो. तेवढंच बोलनं व्हतं."