मिस म्हंजे चुकणं

—नाय रे बाबा, रिचार्ज नको, कव्हर पण नको, मला फक्त एक शब्द सांग. शिकलेला हायस, पाटीवर तीन भाषा रंगवल्यास, त्यातल्या दोन चुकल्यात ते सोड. मिस म्हंजे काय? — शाळेतली मिस नाय, आमच्या वेळेला तिला बाई म्हणायचे आणि तिच्यामुळंच मी तिसरीतनं पळालो. करायचं ते मिस. जावई धाटावला कंपनीत, तो म्हणतो शिफ्टची बस मिस झाली — म्हंजे चुकली. पोरं म्हणतात क्याच मिस झाला — सुटला. मिस कॉल — आला पण उचलला नाय. म्हंजे सगळीकडं चुकणं, सुटणं, हुकणं. बरोबर? मग काल तो कान्हू मिनिडोर रिक्षावाला स्टँडवर सांगतो, नाय काका, मिस यू म्हंजे तुझी आठवण येते. आता बस चुकली म्हणून बसची आठवण येते काय कुणाला? — तू पण तेच म्हणतोस. एकाच मास्तरकडं शिकलात वाटतं दोघं.

बरं, ऐक. हे माझं नाय हां, काळुरामचं हाय, मिठागरावर माझ्या जोडीला असायचा तो. त्याची बायको महिनाभर रोह्याला गेली, तिथल्या वरसे गावात, लेक बाळंत झाली म्हणून. हा इथं पेणला एकटा. खोड्या काढायची सवय जन्माची — मांडवात नवरदेवाच्या शेल्याला शेजारच्या म्हशीचं दावं बांधणारा माणूस. त्यानं काय केलं, एक जुनं डबडं घेतलं, त्यात नवं सिम घातलं, आणि कान्हूच्या मिनिडोरच्या मागं गुलाबाशेजारी इंग्रजीत जे लिहिलंय ना, मिस यू — ते एकेक अक्षर बघत बघत बायकोला पाठवलं. कशाला? अरे, मिस यू म्हंजे तू चुकलीस, अशी त्याची समजूत. बायको घाबरणार, नवऱ्याला फोन करणार, अहो, कोणीतरी मला चुकलीस म्हणतोय, माझं काय चुकलं — आणि हा इकडं हसून लोळणार. एवढाच बेत. मेसेज गेला, आणि मग पोचला का बघायला मी एक रिंग दिली नि कापली.

— 'मी' म्हटलं काय? काळुराम म्हणायचं होतं. — बरं, मीच. माझीच बायको, सगुणा. सिम तुझ्याच दुकानातनं नेलं, म्हंजे तुला सगळं ठाऊक, तरी मघापासनं काळुराम काळुराम ऐकून मान डोलावतोस. लबाड हायस.

तर बाईनं मला फोन केलाच नाय. ह्या डबड्यावरच उत्तर आलं — हे बघ. मिस यू टू. सातवी पास हाय ती, मीच गावभर मिरवायचो. मी म्हटलं, टू म्हंजे तू — चुकलास तूच, असं म्हणते. काय खूश झालो सांगू, अनोळखी माणसाला असं तोंडावर मारते माझी बायको. दोन दिवस छाती काढून फिरलो. आणि काल कान्हू सांगतो, टू म्हंजे मला पण.

मला पण. कोणाची रे आठवण? नंबर अनोळखी, नाव नाय, गाव नाय, आणि हिला त्याची आठवण येते. तो म्हंजे मीच, पण तिला कुठं ठाऊक मी हाय ते? तिच्या डोक्यात दुसराच कोणीतरी असणार ना. मी सांगतो कोण. दिनानाथ. लेकीच्या शेजारी राहतो, कंपनीतनं रिटायर, बायको वारलेली, पांढरी प्यांट घालतो. परवा त्यानं पोपटी लावली, अख्ख्या बिल्डिंगला वालाच्या शेंगा खायला बोलावलं. तर ही मला फोनवर सांगते, दिनानाथभाऊंनी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला काय रचला होता, एक शेंग करपली नाय. चाळीस वर्षं दर थंडीत माझ्या हातची पोपटी खाल्ली तिनं, पाल्याविषयी एक शब्द नाय. आणि भाऊ म्हणते तर काय झालं, लग्नाआधी मला पण दादाच म्हणायची.

आता माझे हाल बघ. ह्या डबड्यातल्या माणसाला धरून हाणावासा वाटतो. कोण रे हा? दोन शब्द पाठवले नि आठवण घेऊन गेला. आणि मला काय? दुपारी एक रिंग. आमचं ठरलेलं हाय ते — ती जेवली की माझ्या फोनवर एक रिंग देते नि कापते, म्हंजे मी जेवले, आता तुम्ही जेवा. आठवण बिठवण नाय, नुसता भात. आणि आज बघ, एक वाजून गेला, ह्या माझ्या फोनवर ती पण नाय. भात तसाच झाकून आलोय. आता दीडच्या गाडीनं रोह्याला जातो आणि तिला समोर बसवून विचारतो, कोण तो सांग — हसतोस काय? — कुठली रिंग? मेसेजच्या मागनं दिली ती? हो, एकच, हाताला सवय ती, लावायची नि कापायची, त्याचं आता काय —

थांब. कुठं वाजलं?

— ह्या फोनवर नाय. डबड्यात वाजलं. तिचाच नंबर हाय. — नाय, उचलणार कसा, कापला पण तिनं.

एकच दिली रे.

— तू गप बस, मला कळलं. आणि असा बघू नको माझ्याकडं. गाडी गेली तर जाऊ दे, चुकली म्हण, मिस झाली म्हण, काय म्हणायचं ते म्हण. सरक जरा, चप्पल कुठं हाय माझी. मला जेवायला जायचंय.