मान मोकळी करायला गेले

काय सांगू ताई तुम्हाला, माझं माहेर दिंडोरीकडचं, आन् मी जन्मले ती पायाकडून, पायाळू, म्हणून लहानपणापासून गावात कुणाची कंबर धरली, उसण भरली की आधी मलाच हाक, मी पालथ्या माणसाच्या कमरेला पाय लावायचा आन् तो उठून चालायला लागायचा, आता गुण पायाचा का त्याच्या मनाचा, देवाला ठाऊक. लग्न करून पंचवटीत आले. आमचे हे बाजारात हमाल, टमाट्याचे क्रेट वाहायचे, कंबर भरली की म्हणायचे, लाव गं पाय, तशाबी तुझ्या लाथा रोजच्याच हायत. लय हसरा माणूस हो.

उन्हाळ्यात त्यांची मान धरली. मानेला कसा पाय लावू? मी म्हणलं सरकारी दवाखान्यात दाखवू, फोटो काढू. तर म्हणे कमरेला नुसत्या पायानं गुण येतो, मानेला एक झटका बास झाला, आन् मोबाइलवर दाखवलं, इंदिरानगरातला एक जण, पांढरा कोट, लोकांच्या माना धरून कट्कन वाजवतो आन् लोक हसत उठतात. मीबी बघितलं. कोट बघून वाटलं शिकलेला असंल. कुठं शिकला, काय शिकला, ते विचारतंय कोण!

गेलो. त्यानं बीपी विचारलं नाय, चक्कर येती का विचारलं नाय, फोटो तर नाहीच. मान धरली आन् फिरवली. कट् वाजलं. हे म्हणले, घर फिरतंय. तो म्हणला, नस मोकळी होती तेव्हा होतं असं, आन् ताई, त्यानं दुसऱ्या बाजूनं परत फिरवली, मी तिथंच उभी. हे उठायला गेले आन् भडाभडा ओकले, पाय ठरंना, जीभ जड. तो म्हणतो, घरी न्या, झोपवा. मी नाय ऐकलं, रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणली, मानेतून मेंदूकडं रक्त नेणारी शीर आतून फाटली, गाठ अडकली, तेवढा मेंदू गेला. चक्कर आली तिथंच त्याचा हात धरायला पाहिजे होता कुणीतरी. मंग त्याला जाब विचारायला गेले, तर म्हणे, तुमच्या माणसाला आधीचाच आजार असंल. आरं मुडद्या, असंल तर तू विचारायचं ना!

आता ह्यांना समदं कळतं, पण गिळता येत नाय. नाकात नळी. घोटभर पाणी दिलं तरी फुप्फुसात जातं. गिळायला येईल का विचारलं, तर डॉक्टरीण म्हणती सांगता येत नाय, व्यायाम करून घ्या. रोज करून घेते, रोज ठसका लागतो, जीव नुसता टांगणीला. आन् चहाचा लय नाद हो त्यांना. परवा शेजारून वास आला तर माझ्यापुढं हात जोडले, नवऱ्यानं बायकोपुढं, घोटभर चहासाठी. मी नाय म्हणलं. ताई, मी नाय म्हणलं त्यांना, आन् चहाचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला.

तुमच्या घरात कुणाची मान धरली तर आधी खऱ्या डॉक्टरला दाखवा, कुणाला झटका मारू देऊ नका. सुखी ऱ्हावा. आन् एवढ्या लांबून आलात, तुम्हाला चहाबी विचारला नाय, राग धरू नका.