घड्याळ थांबवायचं राहिलं

ज्येष्ठांच्या शर्यतीआधी पायाला बांधायची चिप घ्यायला रांग लागली होती. रांगेत एक निवृत्त पोस्टमन होता आणि त्याच्या पुढे दोघी नणंद-भावजय. दोघींचे केस पांढरे, बूट मात्र नवे कोरे.

"वहिनी, ही चिप करते तरी काय?"

"आपण रेषेवरून गेलो की यंत्राला आपोआप कळतं, वन्सं. दर फेरीची वेळ अगदी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत."

"म्हणजे घड्याळ घेऊन कुणी उभंच राहत नाही?"

"कशाला राहील?"

"आपल्या वेळी दादा असायचा."

"हो ना. चुन्याच्या रेषेपाशी, गळ्यात घड्याळ अडकवून."

"त्या शेवटच्या शर्यतीत आपण दोघी एकदमच पोचलो होतो. आणि माझ्या सख्ख्या भावाने पहिला नंबर दिला तुला!"

"आता ते नाहीत म्हणून सांगते, वन्सं. त्या दिवशी त्यांचं घड्याळ थांबवायचंच राहिलं. माझ्याकडेच बघत राहिले होते. लग्नानंतर कबूल केलं मला."

"मला काय सांगतेस? मी बघितलं होतं की."

"बघितलं होतं? मग तक्रार का नाही केलीत?"

"तक्रार कसली! तशीच घरी गेले नि आईला म्हटलं, मी हरले, पण तुला सून सापडली."

वहिनीने नणंदेचा हात धरला. रांग पुढे सरकली, तरी पोस्टमनने त्यांना घाई केली नाही.