लोखंड ते चांदी, व्हाया अपमान

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला लोखंड म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी? माझं चष्म्याचं दुकान आहे, चारचौघांत मान आहे, भले भले मुख्याध्यापक माझ्या मशीनवर हनुवटी टेकून बसतात आणि मी दाखवीन ते अक्षर निमूटपणे वाचतात. आणि या गेमने काय केलं, तर माझ्याकडून पाच मॅच खेळून घेतल्या, धाडकन आवाज केला आणि स्क्रीनवर लिहिलं, 'लोखंड एक'. तुम्हाला सांगतो, मला वाटलं पहिला नंबर आला. एक लिहिलंय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, छान." मग मुलीला फोन केला. तिने ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, एक म्हणजे सगळ्यात खालचं."

"त्याच्याखाली काहीच नाही?"

"त्याच्याखाली गेम डिलीट करणं."

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे बंदुकांचं खूळ कशाला? सांगतो ना. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली. रोज फोन. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "हो." "बरं, ठेवतो." "हो." संपलं बोलणं. सुट्टीत घरी आली तेव्हा संध्याकाळी तिच्या खोलीचं दार बंद, आणि आतून काय ऐकू यावं? "डावीकडून दोघं येतायत, मी धूर टाकते, तू मागून जा, घाई करू नकोस, मी आहे इथे." मी बाहेर टॉवेल हातात घेऊन उभा. अहो, या पोरीने मला जन्मात एवढं लांब वाक्य ऐकवलेलं नाही. मैत्रिणींबरोबर दोन-दोन तास अखंड बोलते, आणि बापाला 'हो'.

म्हणून म्हटलं, मीपण खेळतो. तर म्हणाली, "बाबा, रँकमध्ये फार फरक असला की एका टीममध्ये घेत नाही. मी सोनं आहे. तू निदान चांदी हो, मग बघू." म्हणजे लेक सोनं आणि बाप भंगार.

तर हे प्रकरण काय आहे ते सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही तरी फसणार नाही. पाच जण इकडे, पाच तिकडे. एका बाजूने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो ठेवू द्यायचा नाही. गोळी लागली की मेलात, मग डाव संपेपर्यंत गप्प बसून उरलेल्यांचं बघायचं. मी बघण्यात फार लवकर तरबेज झालो. तेरा डाव आधी जिंकेल त्याची मॅच. जिंकलात की पॉइंट मिळणार, हरलात की कापणार, शंभर झाले की एक पायरी वर. लोखंडाच्या तीन पायऱ्या, कांस्याच्या तीन, मग चांदी, मग सोनं, आणि त्याच्यावर जे काय हिरे-माणकं असतील ती आपल्या नशिबात नाहीत. आणि यातली गंमत ऐका. ही जी रँक दिसते ना, ती खरी नाहीच म्हणे. आतमध्ये अजून एक आकडा असतो, तो कुणाला दाखवत नाहीत, आणि त्याच्यावरून ठरतं की जिंकल्यावर तुम्हाला पॉइंट वीस द्यायचे की बारा. म्हणजे आतून मी कसा माणूस आहे हे कंपनीला माहीत, मला नाही. आणि याला म्हणायचं कौशल्य.

बरं, टीम तरी निवडता येते का? छे. समोर येतील ते चार. एक होता, तो मॅचभर काहीतरी कुरकुरीत खात होता. शत्रूच्या पावलांचा आवाज ऐका म्हणतात, मला याच्या दाढा ऐकू येत होत्या. एकाच्या मांडीवर बाळ. तो म्हणायचा, "मागे बघ, मागे बघ... कोण आलं, कोण आलं... अले अले अले." आम्ही चौघं मागे वळायचो आणि पुढून गोळ्या. हरलो. पॉइंट कुणाचे कापले? माझेही. बाळ त्याचं, झोपेना ते त्याचं, आणि लोखंड मी. आणि याला म्हणायचं कौशल्य.

शिव्या तर विचारू नका. एकाने सौम्य आवाजात विचारलं, "काका, मॉनिटर चालू आहे ना?" उघडी शिवी परवडली.

शेवटी बायको एकदा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, तुम्ही सारखे पळता कशाला? घरात तर कधी पळत नाही." म्हटलं, तुला यातलं काय कळतं? पण रागारागाने पाहिलं करून. थांबून गोळी झाडली, तर लागली. पळता पळता झाडली की गोळी भिंतीला, हा या गेमचा साधा नियम, आणि तो मला लोखंडातल्या शंभर लोकांनी सांगितला नाही, कारण तेही पळतच होते.

मग हळूहळू जमायला लागलं. निशाणा जमिनीवर न ठेवता समोरच्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवायचा. आणि हयात गेली माझी लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात. कांस्य झालो. मुलीला फोन केला. "बाबा, कसं काय?" मी सगळं सांगितलं, कुठे उभा होतो, कोण कुठून आला, कुणी घात केला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन, "काय झालं कालच्या मॅचचं?" जेवलीस का, हे विचारायचं राहूनच जायला लागलं.

आणि एका रविवारी दुपारी चांदी. चांदी एक. ती म्हणाली, "ये." कानाला हेडफोन लावला तर पलीकडे ती आणि तिच्या तीन मैत्रिणी. "नमस्कार काका." मी हात जोडले, त्यांना दिसत नाही हे माहीत असून.

मॅच अटीतटीची. बारा-बारा झाल्यावर दोन डावांनी पुढे जावं लागतं म्हणून लांबली, आणि शेवटच्या डावात चौघी मेल्या. उरलो मी, समोर एक, आणि टिकटिकणारा बॉम्ब. मुलगी कानात बोलत होती, अगदी हळू. "बाबा, शांत. पळू नको. तो पेटीमागे आहे. मी आहे इथे." मंडळी, तेच वाक्य. दाराबाहेर ऐकलेलं. माझा चष्मा भरून आला. दुकानात पाचशे फ्रेम, आणि ऐन वेळी मला समोरचं दिसेना. पुसायला काढला, तेवढ्यात तो पेटीमागून आला आणि मी गेलो.

हरलो. पॉइंट कापले, मी परत कांस्य. इंचाइंचाने चढलो आणि एका फुंकरीत खाली. म्हटलं, "बाळा, माफ कर, आता परत तुझ्याबरोबर खेळता नाही येणार. पुन्हा चढायला किती दिवस लागतील कुणास ठाऊक."

ती म्हणाली, "अरे बाबा, साध्या मॅचमध्ये रँक लागतच नाही. कुणीही कुणाबरोबर खेळू शकतं. पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधी तुझ्याबरोबर खेळायचंच नव्हतं. मैत्रिणी हसल्या असत्या."

"आणि नंतर?"

"नंतर तू रोज फोनवर इतका मस्त चिडायचास ना... म्हटलं, बंद झालं तर?"

या वेळी मीच म्हणालो, "हो."

आता आम्ही साध्या मॅच खेळतो. ना पॉइंट, ना पायऱ्या, जिंकलो काय आणि हरलो काय, कुत्रं विचारत नाही. आणि तिथेही, तुम्हाला सांगतो, पहिल्याच डावाला ती मला म्हणते, "बाबा, तू त्या दारात उभा राहा आणि कशाला हात लावू नकोस."

राहतो उभा.