थॉर्नबीची वैद्यकीय रजा

(नेदरलँड्समधल्या डीमन गावातलं घर, जून २०२०. विमानं बंद म्हणून अडकून पडलेले सासरे भीमसेन, नागपूरचे निवृत्त आस्थापना लिपिक. आणि इतिहासात पीएचडी करणारी सून प्रणिता, त्यांच्या मुलाची, लोकेशची बायको.)

भीमसेन : तुझा हा कॅप्टन थॉर्नबी तर त्या दिवशी वैद्यकीय रजेवर होता, बेटा.

प्रणिता : बाबा, तुम्ही माझ्या जुन्या कागदांचे स्कॅन वाचताय?

भीमसेन : दुसरं काय वाचू? दुधाच्या खोक्यावरही सगळं डच. अन् हे तर सेवापुस्तकच आहे. ब्रिटिश मरीन असो की आपला तलाठी, नोंदी सारख्याच. अठरा वर्षं लेफ्टनंट, त्यातली सहा अर्ध्या पगारावर घरी. कॅप्टन झाला तो वरचे मेले म्हणून. सव्वीस फेब्रुवारी १८४१, तापानं आजारी, जहाजावरून उतरवला. अकरा एप्रिलला पुन्हा रुजू. अन् तू म्हणतेस, तीन मार्चला अफूच्या युद्धात यानं चिनी तोफा काबीज केल्या. खाटेवरून?

प्रणिता : तसं नाही लिहिलं. ‘थॉर्नबींच्या प्रेरणेने’ असं लिहिलंय.

भीमसेन : वा! ताप याला, अन् स्फुरण दुसऱ्यांना! खरं कोण होतं पुढे?

प्रणिता : सार्जंट पेल. जहाजाच्या रोजनिशीत आहे. पण थॉर्नबीचे वंशज हार्लेमला बसलेत आणि माझ्या पीएचडीचं एक्स्टेन्शन त्यांच्या ट्रस्टच्या हातात. चारला त्यांचा कॉल आहे, तोवर चॅप्टर हवाय, हिरोसकट. लोकेशची नोकरी गेली. तोही आता माझ्याच इथं राहायच्या परमिटवर आहे, बाबा.

भीमसेन : मग राहू दे. मीही एकदा राहू दिलं होतं.

प्रणिता : काय?

भीमसेन : साहेबांच्या मेहुण्याची रुजू तारीख चार महिने मागे नेली. माझ्याच अक्षरात. बढतीच्या यादीत वासुदेव शिपाई वर होता, तो खाली गेला. शिपाई म्हणूनच निवृत्त झाला. रोज सकाळी मला हसून ‘जय भीम’ करायचा. त्याला कळलंच नाही.

प्रणिता : आईंना माहीत होतं?

भीमसेन : आज पहिल्यांदा बोलतोय.

प्रणिता : सरका जरा. लॅपटॉप द्या इकडे.

भीमसेन : अगं, परमिट...

प्रणिता : गेलं तर गेलं. नागपुरात शिकवीन. पण ही प्रेरणा माझ्या नावाखाली छापणार नाही. ‘थॉर्नबी आजारी होता. हल्ल्याचं नेतृत्व सार्जंट पेलने केलं.’ झालं. पाठवलं.

भीमसेन : पाठवलंसुद्धा? आधी कच्चा खर्डा तरी दाखवायचास!

प्रणिता : तुमची आवक-जावक नाही ही, बाबा. एक बटण असतं. हे बघा, वाजले चार. ट्रस्टचे अध्यक्ष स्वतः.

भीमसेन : घे. पण खुर्चीत बसून बोल, बेटा. उभी राहू नकोस. साहेबांपुढे मी जन्मभर उभाच राहिलो.